दीड आटा

ज्याच्याकडे जुनी राजदूत ३५० आहे, त्याला "काय म्हणते गाडी?" असं विचारू नये. आपण सहज विचारतो. त्याला सहज उत्तर देता येत नाही. तो आधी आभाळाकडे बघतो. मग म्हणतो, "सकाळच्या गारव्यात जरा लीन वाटते. गरम झाली की छान घेते. अर्ध्या थ्रॉटलला मात्र अजून अडखळते." एवढ्यावर थांबला तर तो सभ्य गृहस्थ. बहुतेक जण थांबत नाहीत. नीडलची क्लिप कुठल्या खाचेत आहे इथपासून मेन जेटच्या नंबरापर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. विचारणाऱ्याला हवं असतं फक्त "बरी आहे". हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी याच जमातीतला आहे आणि मीही थांबत नाही.

एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० भारतात आणली ती १९८३ च्या सुमारास, राजदूत हे नाव देऊन. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानमध्ये ती ३९ हॉर्सपॉवर देत होती. इथे येताना ३०.५ झाली. त्या काळी बुलेटची ताकद अठराच्या आसपास होती, म्हणजे हेही काही कमी नव्हतं. पण आपल्याकडे माणूस गाडी बघायला येतो तेव्हा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो, आणि या प्रश्नाला आरडीजवळ सांगण्याजोगं उत्तर नव्हतं. म्हणून आणखी घोटलेली, २७ हॉर्सपॉवरची आवृत्ती निघाली. व्हायचं तेच झालं. ज्यांना ॲव्हरेज हवं होतं ते शंभर सीसीच्या नव्या जपानी गाड्यांकडे गेले. ज्यांना वेग हवा होता ते रुसले. दशक सरता सरता गाडी बंद पडली, म्हणजे कारखान्यात. रस्त्यावर ती अजून आहे, आणि जपान ते फरिदाबाद या प्रवासात गळालेले साडेआठ ते बारा घोडे परत मिळवण्यात आमच्या दोन पिढ्या गुंतलेल्या आहेत.

घोडे परत आणायचे तर गाडी उघडावी लागते. माझ्या गाडीच्या ब्लॉकचं पोर्टिंग झालंय, म्हणजे कारखान्याने ओबडधोबड सोडलेल्या वाटा हाताने घासून रुंद आणि गुळगुळीत केल्या आहेत. मूळचा एअरबॉक्स काढून दोन सुटे फिल्टर लावलेत. मूळच्या दोन सायलेन्सरच्या जागी दोन एक्स्पान्शन चेंबर आहेत. हे सगळं झाल्यावर जी वस्तू उरते तिला राजदूत म्हणायचं ते आरसी बुकात तसं लिहिलंय म्हणून. आणि इथेच खरी गंमत सुरू होते. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कार्ब्युरेटरचं पान आहे. त्यात जेटचे नंबर आहेत, फ्लोटची उंची आहे, स्क्रू किती आटे बाहेर ठेवायचा तेही आहे. सगळे आकडे बरोबर आहेत, पण ते दुसऱ्या गाडीचे आहेत. जी गाडी मी हौसेने मोडली, तिचे.

कार्ब्युरेटरमध्ये हुशार म्हणावी अशी एकही वस्तू नाही. वीज नाही, हिशेब करणारं काही नाही. एक नळी मध्येच अरुंद केलेली आहे, बस. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर चढून हवेत फवारलं जातं. वेग आणि दाबाचं हे नातं बर्नूलीने १७३८ च्या ग्रंथात मांडलं. अरुंद नळीला इटलीच्या व्हेन्चुरीचं नाव मिळालं. पण तिच्यात पेट्रोल फवारण्याची युक्ती १८९३ सालची, बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या दोघांची. त्याच साली जर्मनीत मायबाखही तिथेच पोचला. बांकी-चोंकांबद्दल अशी गोष्ट सांगतात, की रस्त्यावर एक फुलवाली तोंडाने नळी फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते बघून त्यांना हे सुचलं. गोष्ट इतकी सुबक आहे की तिच्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. पण कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून पेट्रोलचा तो फवारा एकदा पाहिला, की ती खरी असावी असं वाटायला लागतं.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त, म्हणजे साडेबारा ते तेरा पट हवा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि त्याच्या सोबतीला येणारं ऑइल आतल्या भागांना थंडही ठेवतात. म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर गाडी नुसती धूर काढते, घोगरी होते, प्लग काळा पडतो. पेट्रोल कमी पडलं तर मात्र ती उलट फार गोड चालते. हलकी वाटते, चपळ वाटते, आवाज कोरा आणि टणक येतो. आणि अशाच सुखाच्या क्षणी पिस्टन जाम होतो, मागचं चाक लॉक होतं आणि स्वार पुढे निघून जातो. टू-स्ट्रोकवाल्या माणसाला गाडी अतिशय छान चालायला लागली की घाम का फुटतो, ते आता कळावं.

हे प्रमाण एका जागी एका स्क्रूने जमवायचं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. थ्रॉटल जेमतेम उघडा असतो तेव्हा स्लो जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. थोडं पुढे गेलं की स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो त्याची हद्द लागते. पाव ते पाऊण या मोठ्या मुलखात नीडल, आणि त्यापुढे मेन जेट. पण या हद्दी नकाशातल्या आहेत, जमिनीवरच्या नाहीत. एकाचा अंमल दुसऱ्याच्या मुलखात चांगला आतपर्यंत चालतो. मेन जेट बदलावा तर अर्ध्या थ्रॉटलची सुधारलेली तब्येत बिघडते. नीडल उचलावी तर स्लो जेट कुरकुरतो. नीडलला पाच खाचा असतात; क्लिप खाली घेतली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं, क्लिप वर घेतली की नीडल खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं. "एक खाच वर घ्या" या एका वाक्यावरून चांगली शिकलेली माणसं गॅरेजच्या दारात भांडताना मी पाहिली आहेत. एक क्लिपबद्दल बोलत असतो, दुसरा नीडलबद्दल, आणि दोघांचंही बरोबर असतं.

आमचं गाव मिरज. ज्या गल्लीत तंबोरे आणि सतारी घडतात, तिथून माझी गाडी बघणाऱ्या मेस्त्रींचं गॅरेज फार लांब नाही. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ते हाती घेतलं, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ती परंपरा सांगितली जाते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथे कधी उभं राहून जवारी काढताना बघावं. घोडीवर तार टेकते तिथे एक दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की तार एकदम बोलायला लागते, आणि आणखी केसभर सरकला की मुकी होते. तो दोरा कुठे थांबवायचा याचं माप कुठल्याही पुस्तकात नाही. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवताना मला नेहमी तो दोरा आठवतो. पण तंबोऱ्याचा मला खरा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. मैफिलीला बसलेला गवई आधी तंबोरा जुळवतो, मध्येच पुन्हा कान लावतो, खुंटी पिळतो, मणी सरकवतो, आणि समोरचा एकही माणूस म्हणत नाही की काय भिकार वाद्य आहे, दर वेळी जुळवावं लागतं! जुळवणं हा गाण्याचाच भाग मानतात. मी मात्र रस्त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो की येणारे-जाणारे हळहळतात.

एक्स्पान्शन चेंबरबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण कार्ब्युरेटरचे अर्धे हाल त्याच्यामुळे होतात. पूर्व जर्मनीत झोपाऊ गावी एमझेड नावाचा कारखाना होता. तिथे वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता, युद्धकाळात पेनेमुंडेला क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेला. त्याने एक्झॉस्टच्या नळीतून जाणाऱ्या आवाजाच्या लहरींना कामाला लावलं. नळी आधी रुंद होत गेली की लहर सिलिंडरमधून धूर ओढून काढते. ओढता ओढता थोडं ताजं मिश्रणही बाहेर येतं. पुढे नळी पुन्हा निमुळती झाली की लहर उलटी फिरते आणि बाहेर निसटलेलं ते मिश्रण दार बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. नळीच्या आकारातच पंप. १९६१ साली काडेनचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला. बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून आधीच सीमेपार काढलं होतं. काडेनचं ज्ञान डेग्नरबरोबर सुझुकीकडे गेलं आणि १९६२ चं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीला मिळालं. काडेन मात्र झोपाऊलाच राहिला. मला या सगळ्या गोष्टीत तोच आवडतो.

माझे चेंबर मिरजेतच पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने वळवून वेल्डिंग करून दिले. एरवी ते धान्याच्या कोठ्या आणि पाण्याच्या टाक्या करतात. ड्रॉइंग पुढे ठेवल्यावर त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या गिरणीचं हाय हे?" मोटारसायकलचं आहे म्हटल्यावर ते गप्प झाले, पण शंकू असे नेमके वळवले की सांध्यावरून बोट फिरवावं तर नख अडकत नाही.

या चेंबरची खोड अशी, की ते ठरावीक वेगातच मदत करतात. त्याच्या खाली लहरींचा ताळमेळ चुकतो, इंजिन रेंगाळतं, हवा मनापासून ओढत नाही. मग एक क्षण येतो, काटा सहा हजाराच्या आसपास चढतो, आणि आतापर्यंत पेंगणारं यंत्र धडपडून उठतं. त्याच क्षणी त्याला पेट्रोल जास्त हवं असतं, आणि आत्ता हवं असतं. खाली पुरेल असं लावावं तर वर उपाशी, वर पुरेल असं लावावं तर खाली बुडालेली. एका गाडीत दोन इंजिनं आहेत असं समजून चालावं लागतं. आणि कार्ब्युरेटरही दोन, प्रत्येक सिलिंडरला एक. म्हणजे हिशेब चाराचा झाला.

दोन कार्ब्युरेटर एकाच केबलवर असतात. मुठीपासून निघालेली केबल टाकीखाली फुटते. एक फाटा डावीकडे, एक उजवीकडे, आणि तिसरा ऑइल पंपाकडे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी उठली तर एक सिलिंडर गाडी ओढतो आणि दुसरा फुकट बसून जातो. हे जुळवायला महागडी यंत्रं मिळतात. मेस्त्री दोन सारखे ड्रिल बिट घेतात, दोन्ही स्लाइडखाली एकेक सरकवतात आणि केबलचे ॲडजस्टर फिरवत राहतात. मग मूठ अलगद पिळायची. दोन्ही बिट एकदम खाली पडले तर जुळलं. एक आधी पडला तर पुन्हा. त्यानंतर ते मागे जाऊन दोन्ही चेंबरच्या तोंडाशी दोन तळहात धरतात आणि डोळे मिटतात. डाव्या हाताला आणि उजव्या हाताला धक्के सारखे लागतात की नाही, ते बघतात. त्या वेळी कोणी बोलायचं नाही, चहावाल्या पोरानेसुद्धा नाही.

मेस्त्रींचा एक नियम आहे, आणि जुन्या गाड्यांच्या दुनियेत मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कोणीही गाडी घेऊन आला आणि म्हणाला, कार्ब्युरेटर जुळत नाही, की ते कार्ब्युरेटरला हातच लावत नाहीत. "आदी करंट बघायचा, मग हवा, मग पेट्रोल." पॉइंटमधली फट बघतात, टायमिंग बघतात, कॉम्प्रेशन बघतात. इनटेकच्या रबराला चीर गेली आहे का, ते बघतात. शेवटी क्रँकचे दोन सील. डावा सील गेला तर त्यातून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि मूठ सोडली तरी रेस खाली बसत नाही. उजवा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी धुराचा पडदा टाकत जाते. दोन्ही वेळा दोष कार्ब्युरेटरला मिळतो. लोक कार्ब्युरेटरचाच स्क्रू का फिरवतात, असं मी एकदा विचारलं. मेस्त्री म्हणाले, "हात पोचतोय न्हवं तितवर! सील बदलायला इंजिन उतरावं लागतंय सर. स्क्रूला काय, टपरीवर चहा पिता पिता फिरवतासा."

खरं आहे. एअर स्क्रू हा मोटारसायकलवरचा सर्वांत दुर्दैवी भाग असेल. त्याने कधी कोणाचं काही बिघडवलेलं नसतं, पण तो बाहेर आहे आणि त्याच्या डोक्याला खाच आहे. पेट्रोलपंपावरचा मुलगा, शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, लग्नाला आलेला कोणाचा तरी मामा, सगळ्यांना तो फिरवावासा वाटतो. रीत अशी: स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा, मग दीड आटा बाहेर काढायचा आणि तिथून शोध सुरू करायचा. गरम इंजिनवर थोडं आत, थोडं बाहेर, जिथे रेस सर्वांत चढते आणि सर्वांत स्थिर राहते तिथे थांबायचं. आत घेतला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा वाढते. जिथे थांबायचं ती जागा अडीच-तीन आट्यांपलीकडे किंवा अगदी बुडाशी सापडली, तर स्क्रू सांगतोय की माझ्या पदरात चुकीचा स्लो जेट बांधलाय. दीड आटा म्हणजे उत्तर नव्हे. प्रश्न विचारायला उभं राहायची जागा आहे.

मेन जेटची परीक्षा गॅरेजमध्ये होत नाही. त्यासाठी मोकळा रस्ता लागतो. पूर्ण थ्रॉटलवर गाडी काही अंतर न्यायची, मग एकाच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी घरंगळू द्यायची, थांबली की प्लग काढून रंग वाचायचा. बदामी आला तर ठीक. काजळी असेल तर जेट एक नंबर खाली. पांढरा पडला असेल तर निमूट वर, आणि पांढऱ्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते कण दिसले तर गाडी टेम्पोत घालून घरी. हे काम आम्ही पंढरपूर रस्त्यावर पहाटे करतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत. पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नसते. आपल्या मुलखात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून प्लग काढणाऱ्या माणसाला एकटं सोडत नाहीत. पहिला दूधवाला थांबतो. "काय झालं? पेट्रोल संपलं व्हय?" संपलं नाही, गाडी मुद्दाम बंद केली आहे, असं सांगितलं तर तो जास्तच काळजीत पडतो. गाडी बंद पडलेला माणूस त्याला समजतो. चालती गाडी बंद करून प्लग काढणारा माणूस समजत नाही. तो पायंडलवर पाय टेकून बघत राहतो. मग शेतावर निघालेलं एक जोडपं थांबतं, मग सकाळी फिरायला निघालेले रिटायर्ड मास्तर. कोणी बाटलीत पेट्रोल काढून द्यायला तयार, कोणी धक्का मारायला. एकदा एका आजोबांनी माझ्या हातातला प्लग घेतला, उजेडाकडे धरला, आणि निकाल दिला, "जरा काळाच हाय की ओ." ते आयुष्यभर डिझेलचं इंजिन चालवून विहिरीचं पाणी उपसत आलेले निघाले. जेट खाली घेतला. त्यांचं बरोबर होतं.

आणि एवढं करून जुळलेली गाडी जुळलेली राहते का? ती त्या दिवसाच्या हवेला जुळलेली असते. मिरज समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं की हवा दाट होते आणि तेच जेट कमी पडायला लागतात. महाबळेश्वरला चढलं की हवा विरळ, आणि तीच गाडी पेट्रोलने गुदमरते. डिसेंबरातली पहाट दाट हवेची, म्हणून धोक्याची. वैशाखातली दुपार तितकी धोक्याची नाही, फक्त आळशी. पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांनी ऑइलचं प्रमाण वाढवलं, तर त्यांना वाटतं इंजिनची सेवा केली. पण त्याच भोकातून आता पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ झालं. चांगुलपणाचे असे परिणाम या यंत्रात पावलोपावली भेटतात.

आता तर पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल जळायला फक्त नऊ पट हवा लागते, कारण त्याच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून हे नवं मिश्रण पातळच जातं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत उसापासून हे इथेनॉल होतं. मळ्यातला ऊस कारखान्यात, तिथून टाकीत, टाकीतून माझ्या फ्लोटच्या वाटीत. तक्रार कोणाकडे करायची? माझा चुलतभाऊच ऊस लावतो. त्याला मी इथेनॉलबद्दल बोललो तर त्याने शांतपणे विचारलं, "बिल वेळेवर मिळतंय आम्हाला, तुझा जेट किती रुपयांचा?" जेट बदलला.

आवाजाबद्दल मात्र मी माझ्या जमातीच्या विरोधात आहे. शहराशहरांत पोलीस बदललेले सायलेन्सर जमा करून रोडरोलरखाली घालतात, आणि ती चित्रं पाहून माझे मित्र हळहळतात. मी रोडरोलरच्या बाजूने आहे. काडेनचा चेंबर आकाराने काम करतो, कानठळ्यांनी नाही. शेपटाला नीट सायलेन्सर लावला तर ताकदीत फरक पडत नाही आणि शेजारची आजी दुपारची झोपू शकते. कर्कश गाडी बहुतेक वेळा वेगवान नसते; न जुळवलेली असते. कायद्याचं म्हणाल तर कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अडसर आहेच, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं. तेव्हा मूळचे सायलेन्सर फेकू नका. माझे माळ्यावर कापडात गुंडाळून आहेत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता सेन्सर हवा मोजतो, तापमान मोजतो, जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला तेही मोजतो, आणि छोटा संगणक पेट्रोलचा थेंब ठरवतो. घाट चढा, उतरा, थंडी पडो, ऊस घाला. ती स्वतःला जुळवत राहते. मेस्त्रींना याचं जराही दुःख नाही. त्यांच्याकडे स्कॅनर आहे, ते नव्या गाडीला तो जोडतात, पडद्यावरचा आकडा वाचतात, सेन्सर बदलतात, पैसे घेतात. मी हळव्या सुरात काही बोलायला लागलो की म्हणतात, "चांगलंच हाय की सर ते. पोरांस्नी वेळेवर कालेजात जायला गाडी पायजे." मी मान डोलावतो. दररोज कामावर जाणाऱ्या माणसाने कार्ब्युरेटरच्या नादी लागू नये, हे माझंही मत आहे.

पण रविवार मोकळा असेल आणि अशी एखादी गाडी कोणाच्या गोठ्यात धूळ खात पडलेली मिळाली, तर घ्या. पहिल्या दिवशी काही फिरवू नका. दोन्ही कार्ब्युरेटर उघडून जेटचे नंबर, नीडलची खाच आणि स्क्रूचे आटे वहीत लिहून काढा, डाव्याचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. ते सारखे असतील अशी आशा ठेवू नका. दोन्ही सील नवे घाला. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललेली तीही लिहा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. आणि रोज रात्री कॉक बंद करा, कारण जुन्या फ्लोटची सुई गळली तर सकाळपर्यंत टाकीतलं पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं, आणि मग कितीही किक मारा, गाडी चालू होत नाही.